जप्ती आणि बाकी : सुप्याच्या उठावाचा एक अन्वय

१

पुणे जिल्ह्यातील सुपे हे गाव महाराष्ट्राच्या इतिहासात दोन प्रसंगी ठळकपणे पुढे येते. शहाजीराजांच्या जहागिरीचा निर्देश करताना पुणे आणि सुपे ही दोन नावे जोडीने घेतली जातात, हा पहिला प्रसंग. दुसरा प्रसंग १२ मे १८७५ चा. त्या वेळी सुपे भीमथडी तालुक्यात मोडत असे. त्या तालुक्याचे ठाणे बारामती येथे होते, आणि आज हे गाव बारामती तालुक्यात आहे. त्या दिवशी बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी गावातील सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली, दुकाने लुटली, वह्या व कर्जखते हस्तगत करून ती जाळली. पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे व अहमदनगर या दोन जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले. लष्कर बोलवावे लागले. ९५१ इसमांना अटक झाली. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाचा अहवाल पुढे १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. इतिहासग्रंथांतून ही घटना 'दख्खनचे दंगे' या नावाने ओळखली जाते.

या दंग्यांची कारणमीमांसा आजवर अनेक अंगांनी झालेली आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, पतपेढी सैल झाली आणि युद्ध संपताच भाव कोसळून पत आखडली, हे एक कारण. फेरपाहणीत सारा वाढला, हे दुसरे. चौकशी मंडळाचे सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात याच कारणावर भर दिला होता. सावकार बहुधा गुजर वा मारवाडी, म्हणजे गावाच्या दृष्टीने उपरे, हे तिसरे. ही तीनही कारणे खरी आहेत. परंतु कर्ज का वाढले आणि रोष का वाढला, एवढेच त्यांनी कळते. हा रोष कागदावर का कोसळला, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

वस्तुतः हा प्रश्नच या घटनेचा गाभा होय. चौकशी मंडळाने नमूद केले आहे की, सावकारांच्या जिवाला धक्का लावण्याचे प्रकार अत्यल्प घडले आणि ज्यांनी आपली खते निमूटपणे स्वाधीन केली त्यांना सामान्यतः उपद्रव झाला नाही. ज्या गावांत ब्राह्मण सावकारही होते, तेथे त्यांच्या वाटेला लोक फारसे गेले नाहीत. जमावाचे लक्ष्य खत होते. भुकेल्याने धान्य लुटावे, अपमानिताने अपमान करणाऱ्यास मारावे, हे सहज समजते. शेकडो निरक्षर माणसांनी स्वतःला वाचता न येणारा कागद शोधून काढून जाळावा, यामागे मात्र एक निश्चित अनुभव असला पाहिजे. तो अनुभव कोणता, याचा विचार धनकोच्या दोन अधिकारांच्या आधारे येथे केला आहे : ऋणकोची चीजवस्तू ताब्यात घेण्याचा अधिकार, आणि ती घेऊनही जी रक्कम उरते ती वसूल करण्याचा अधिकार. मराठीत पहिल्याला जप्ती म्हणतात. दुसऱ्याचे नाव बाकी.

२

मराठीतील ऋणव्यवहाराची परिभाषा निरनिराळ्या थरांची बनलेली आहे. ऋण हा शब्द संस्कृत. कर्ज, खत, वसूल, तगादा, जप्ती आणि बाकी हे शब्द अरबी-फारसीतून आलेले. लिलाव हा पोर्तुगीजांकडून आलेला, तर बेलिफ इंग्रजांकडून. ज्या ज्या सत्तेने वसुलीचे यंत्र चालविले, तिने आपापला शब्द मागे ठेवला असेच या यादीवरून म्हणावे लागते.

या शब्दांचे मूळ अर्थ प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहेत. 'जप्त' या मूळ अरबी शब्दाचा अर्थ घट्ट धरणे, ताब्यात ठेवणे असा आहे. 'वसूल' म्हणजे पोहोचणे. रक्कम धन्याच्या हाती पोहोचली की ती वसूल झाली. 'बाकी' म्हणजे उरलेले, परंतु त्याच धातूपासून टिकून राहणे, नाश न पावणे हा अर्थही सिद्ध होतो आणि ईश्वराच्या अविनाशित्वासाठीही तो शब्द अरबीत योजला जातो. शेतकऱ्याला ही व्युत्पत्ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु सावकाराच्या वहीतील बाकीचा जो अनुभव त्याला आला, तो या दुसऱ्या अर्थाशी अधिक जुळणारा होता.

याउलट ऋणमुक्तीसाठी मराठीने जे क्रियापद राखले ते देशी वळणाचे आहे. कर्ज 'फेडले' जाते. नवस फेडतात, पांग फेडतात, उपकार फेडतात, पारणे फेडतात, आणि अंगावरचे वस्त्रही फेडतात. सोडणे, उकलणे, मोकळे करणे ही अर्थच्छटा या सर्व प्रयोगांत समान आहे. फेडीच्या कल्पनेत शेवट अभिप्रेत आहे. गाठ एकदा सुटली म्हणजे सुटली. 'कूळ' हा शब्दही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. सावकाराचा ऋणको तो त्याचे कूळ आणि जमीनधारकाची जमीन कसणारा तोही कूळ. एकाच शब्दाने दोन्ही नाती दाखविली जातात, कारण ही दोन्ही नाती दीर्घकाळ टिकणारी मानली जात. हिशेब चालूच राहणार, पण त्याला काही मर्यादा असणार, हा त्यातील अध्याहृत करार होता.

३

ही मर्यादा जुन्या व्यवस्थेत कोठून येत होती, हे पाहिले पाहिजे. जुनी व्यवस्था दयाळू होती असे म्हणता येणार नाही. मनुस्मृतीत देणे वसूल करण्याचे पाच मार्ग सांगितले आहेत आणि त्यांत छळ नव्हे तर छल, म्हणजे युक्ती, आणि बळ हे दोन्ही आहेत. पेशवाईच्या अखेरीस माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात तगाद्याचे निरनिराळे प्रकार वर्णिले आहेत. दारात माणूस बसविणे, धरणे धरणे, डोक्यावर वजन देऊन उभे करणे अशा उपायांनी धनको आपले देणे स्वतःच उगवून घेई. सरकारने वसुली करून दिली तर रकमेचा चौथा हिस्सा सरकारात जाई. यामुळे सरकारदरबारी जाण्यापेक्षा आपसांत मिटविणे धनकोलाही परवडत असे.

तथापि या कठोर व्यवस्थेला तीन कुंपणे होती. पहिले, दामदुप्पट. व्याज कितीही साचले तरी एका वेळी मुद्दलाइतक्याच व्याजाची मागणी करता येई. शंभराचे दोनशे झाले की तेथे वाढ थांबे. दुसरे, शेतजमीन, विशेषतः मिरासी जमीन, कर्जापायी परक्याच्या नावे होणे हे सामान्यतः घडत नसे. तिसरे, सावकाराला गावातच राहावयाचे होते. न्हावी, परीट, सुतार, पाटील या सर्वांवाचून त्याचे चालत नव्हते. त्याच्या तगाद्याला त्याचे स्वतःचे बळ एवढाच आधार होता, आणि म्हणून त्या बळाची सीमा हीच तगाद्याची सीमा होती.

इंग्रजी अमलाने हे तगाद्याचे प्रकार एकामागून एक बेकायदा ठरविले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ५०८ मध्ये तर ऋणकोच्या नव्हे, पण सर्वसाधारणपणे दुसऱ्याच्या दारात धरणे धरून ईश्वरी कोपाची भीती घालणाऱ्याचे उदाहरणच दिलेले होते. सुधारणा म्हणून याचे मोल कमी नाही. परंतु धनकोच्या हातातील खासगी बळ काढून घेतल्यावर त्याच्या हाती न्यायालयाचे बळ देण्यात आले, आणि या दुसऱ्या बळाला गावाची सीमा नव्हती.

४

या स्थित्यंतराचा आरंभ सुप्याशेजारच्या इंदापूर तालुक्यात शोधावा लागतो. आर. के. प्रिंगल याने आखलेली साऱ्याची पद्धती १८३० च्या सुमारास या भागात लागू झाली व फसली. शेते पडीक पडली आणि शेतकरी गाव सोडू लागले. त्यानंतर एच. ई. गोल्डस्मिड व लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूरचीच नव्याने पाहणी केली आणि तीस वर्षांच्या मुदतीने सारा बांधून दिला. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पाहणीचा नमुना अशा रीतीने इंदापुरात घडला.

या बंदोबस्तात सारा हलका होता, हे निर्विवाद. परंतु त्याचे दोन परिणाम सावकारीच्या दृष्टीने दूरगामी ठरले. सारा रोख रकमेत आणि ठरल्या हप्त्याला द्यावयाचा असल्याने, पीक येवो न येवो, हप्त्याच्या दिवशी रोकड लागे. ती सावकाराकडून येई. दुसरे असे की, सारा भरीत राहील तोवर जमीन धारण करण्याचा, ती विकण्याचा व गहाण ठेवण्याचा हक्क खातेदाराला मिळाला आणि १८६५ च्या पाहणी कायद्याने तो अधिक पक्का झाला. हक्क मिळाला म्हणजे मालमत्ता निर्माण झाली, आणि मालमत्ता निर्माण झाली म्हणजे ती जप्त होऊ शकणारी झाली. पूर्वी ज्या जमिनीकडे सावकार पिकाचे साधन म्हणून पाहत असे, तीच आता तारण म्हणून त्याच्यासमोर आली. पुढे १८६७ च्या सुमारास इंदापूरच्या तीस वर्षांची मुदत संपताच फेरपाहणीत सारा जवळजवळ निम्म्याने वाढला. पुणे सार्वजनिक सभेने १८७३ च्या आगेमागे या वाढीविरुद्ध आवाज उठविला तो याच पार्श्वभूमीवर.

५

या नव्या मालमत्तेला नवे कायदे येऊन भिडले. त्यांतील प्रत्येक कायदा स्वतंत्रपणे पाहता समर्थनीय वाटतो. त्यांचा एकत्रित परिणाम मात्र कोणत्याही एका कायद्याच्या कर्त्याने योजिलेला नव्हता.

१८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने न्यायालयातून वसूल होणाऱ्या व्याजाला शेकडा १२ ची मर्यादा घातली होती. १८५५ मध्ये व्याजनिर्बंधाचे कायदे रद्द झाले आणि कराराने ठरेल ते व्याज न्यायालये मान्य करू लागली. १८२७ च्या नियमांत शेतकऱ्याची अवजारे व औताचे बैल यांना जप्तीपासून जे संरक्षण होते, ते १८५९ च्या दिवाणी प्रक्रियेच्या कायद्यात उरले नाही. याच कायद्याने ऋणकोला कैदेत टाकण्याची तरतूद कायम ठेवली. आणि कैद भोगून आला तरी त्याचे कर्ज फिटत नसे, पुढे हाती येणारी मालमत्ता त्याच देण्यापायी जप्त होऊ शके.

१८५९ चाच मुदतीचा कायदा ऋणकोच्या हिताच्या हेतूने झाला होता. नोंदणी नसलेल्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे, असा त्याचा दंडक. जुनी, धूळ खाणारी खते उकरून कोणी कुणाला नाडू नये, हा हेतू. व्यवहारात सावकार दर तीन वर्षांनी खत 'फिरवून' घेऊ लागला. जुन्या खताचे मुद्दल आणि व्याज मिळून नव्या खताचे मुद्दल बने. याचा दामदुपटीवर काय परिणाम झाला, हे साध्या हिशेबाने दाखविता येते. शंभर रुपये शेकडा २४ दराने घेतले, तर सरळ व्याजाने नऊ वर्षांत व्याज २१६ रुपये होते. परंतु दामदुपटीच्या नियमाने एकूण मागणी २०० रुपयांवर थांबते. तेच खत दर तीन वर्षांनी फिरविले, तर पहिल्या फेरीस १७२ रुपये, दुसरीस सुमारे २९६ आणि तिसरीस सुमारे ५०९ रुपये मुद्दल कागदावर येते. यांतील कोणत्याही एका खतात व्याज मुद्दलापेक्षा अधिक नाही. नियम शाबूत राहिला आणि त्याचे प्रयोजन संपले.

अशा खतावर दावा झाला म्हणजे प्रतिवादी बहुधा न्यायालयात फिरकत नसे. गाव दूर, भाषा अपरिचित, आणि अंगठा तर आपलाच. एकतर्फी हुकूमनामे मोठ्या संख्येने होत. हुकूमनाम्याच्या बजावणीची दरखास्त झाली की बेलिफ येई, जप्ती होई, लिलाव पुकारला जाई. गावातील माणूस शेजाऱ्याच्या जमिनीवर बोली करण्यास धजत नसे; त्यामुळे धनको हाच पुष्कळदा एकमेव बोली करणारा ठरे, आणि मालमत्ता तिच्या मोलाच्या मानाने फार थोड्या रकमेस त्याच्याकडे जाई. ही थोडी रक्कमच काय ती हुकूमनाम्याच्या पोटी जमा धरली जाई. उरलेली बाकी तशीच राही. मुदतीच्या आत पुन्हा दरखास्त केली की हुकूमनामा जिवंत राही; अशा रीतीने तो वर्षानुवर्षे जिवंत ठेवता येई. चौकशी मंडळाच्या निदर्शनास असेही आले की, अनेक सावकार हुकूमनामा बजावण्यापेक्षा तो हाती राखून ठेवणे पसंत करीत. अटकेच्या व जप्तीच्या नुसत्या धाकाने नवे खत लिहून घेता येई आणि ऋणकोला राबवूनही घेता येई.

येथे जप्ती आणि बाकी यांचे नाते उलगडते. जप्तीने कर्ज फिटावे, निदान कमी व्हावे, ही अपेक्षा स्वाभाविक होय. ज्या व्यवस्थेत जप्त वस्तूची किंमत धनकोच्या बोलीने ठरते आणि उरलेल्या बाकीला शेवट नसतो, त्या व्यवस्थेत मात्र वस्तू जाते आणि देणे राहते. बैल गेला, जमीन गेली, तरी कागद उरला. बैल आणि जमीन यांना मरण वा क्षय आहे. कागदावरील आकडा दर तीन वर्षांनी अधिक पुष्ट होऊन जन्माला येतो. सुप्याच्या बाजारात जमलेल्या माणसांना हा सिद्धांत कोणी शिकविण्याची गरज नव्हती. जप्त झालेली वस्तू परत आणणे त्यांच्या हाती नव्हते. बाकी नाहीशी करणे एका काडीच्या अंतरावर होते, निदान तसे त्यांना वाटले.

६

सुप्याच्या आधी सुमारे पाच महिने, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातील करडे या गावी जे घडले, ते या अन्वयास पुष्टी देते. तेथील काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांच्या देण्यापायी हुकूमनामा मिळविला आणि त्यांना घराबाहेर काढून घर पाडण्याचा आग्रह धरला. देशमुख हे प्रतिष्ठित घराण्यातील. गावाने यावर जो उपाय योजिला तो बहिष्काराचा. सावकारांच्या शेतात कोणी राबावयाचे नाही, त्यांच्या दुकानातून माल घ्यावयाचा नाही, न्हाव्याने व परटाने त्यांचे काम करावयाचे नाही, असे ठरले. शेजारच्या गावांनीही हे अनुकरण केले.

करडे येथे हिंसा झाली नाही. जे घडले ते जुन्या तिसऱ्या कुंपणाची पुन्हा उभारणी करण्याचा प्रयत्न होता : गावात राहावयाचे असेल तर गावाची मर्यादा पाळावी लागेल, हे सावकाराला सांगण्याचा. हा प्रयत्न अपुरा पडला, कारण सावकाराचे बळ आता गावातून येत नव्हते. न्हाव्याने दाढी केली नाही म्हणून हुकूमनाम्याचे एक अक्षरही पुसले जात नाही. करडे येथील बहिष्काराकडून सुपे येथील अग्नीकडे झालेला प्रवास हा माणसाला आवरण्याच्या प्रयत्नाकडून कागद नष्ट करण्याच्या प्रयत्नाकडे झालेला प्रवास होय.

घर पाडण्याच्या या प्रकरणाला कायद्याच्या इतिहासात एक लक्षणीय प्रतिध्वनी आढळतो. १८७७ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्तीतून मुक्त असलेल्या वस्तूंची जी यादी दिली, तीत आवश्यक वस्त्रे, शेतीची अवजारे व बैल यांच्याबरोबरच शेतकऱ्याच्या राहत्या घराचे साहित्यही आले. त्याच संहितेने पैशाच्या हुकूमनाम्याच्या बजावणीस बारा वर्षांची कमाल मर्यादा घातली. करड्याच्या घटनेमुळेच हे झाले असे नव्हे. परंतु वासे, तुळया आणि दारे यांना कर्जापासून वेगळे काढावे, ही गरज त्या दशकात सर्वांना पटली होती, एवढे यावरून दिसते.

७

१८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी करण्यात आला. त्यातील तरतुदी या अन्वयाच्या प्रकाशात वाचल्या म्हणजे सुप्याच्या जमावाने जे काडीने करू पाहिले, तेच विधिमंडळाने कलमांनी करू पाहिले, असे म्हणावेसे वाटते. न्यायाधीशाने खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासावा, मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगळा मांडावा, व्याजावर व्याज धरू नये आणि व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा अधिक होऊ देऊ नये, असे ठरले. फिरविलेल्या खतांची साखळी अशा प्रकारे तोडण्यात आली. दामदुपटीचे कुंपण आता पहिल्या दिवसापासून मोजले जाणार होते. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास अटक करणे बंद झाले. स्पष्टपणे गहाण न दिलेली स्थावर मालमत्ता जप्त करता येईना. फेड हप्त्याने करण्याची सवलत न्यायालय देऊ शके. पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला, आणि खते ग्रामनोंदणी अधिकाऱ्यापुढे होऊ लागली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले.

कायद्याचे यश मात्र सरळ नव्हते. गहाणखत असुरक्षित झाल्याचे दिसताच सावकार खरेदीखताचा आग्रह धरू लागले. व्यवहार गहाणाचा, कागद विक्रीचा. 'पैसे आणून दिलेस तर जमीन परत' हे वचन केवळ तोंडी. पुढे या कायद्यात दुरुस्ती होऊन वरकरणी विक्री दिसणारा व्यवहार प्रत्यक्षात गहाण होता, हे तोंडी पुराव्याने सिद्ध करण्याची मुभा द्यावी लागली. शिवाय जेथे वसुली कठीण तेथे पत आखडते, हा आक्षेपही निराधार नव्हता. ज्याच्यापाशी तारण नाही त्या लहान शेतकऱ्याला संरक्षण मिळाले, पण बियाण्यापुरते कर्ज मिळणे अधिक अवघड झाले. धनकोचा अधिकार छाटला म्हणजे ऋणकोचे हित साधलेच, असे गणित मांडता येत नाही, हा धडा बारामती-इंदापूरच्या इतिहासात तेव्हापासून नोंदलेला आहे.

या पेचातून बाहेर पडण्याचे दोन मार्ग याच प्रदेशात निघाले. दुष्काळी काम म्हणून १८७६ मध्ये हाती घेतलेला नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि बारामती व इंदापूर तालुक्यांतून पाणी फिरले. पाण्याने पीक निश्चित केले, उसाने रोकड आणली. १९०४ च्या कायद्यानंतर सहकारी पतपेढ्या आल्या आणि १९११ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या मध्यवर्ती सहकारी बँकेने या कालव्याच्या पट्ट्यात बारामती येथे शाखा उघडली. सावकाराच्या जागी संस्था आली. वसुलीचा प्रश्न तरी सुटला नाही. त्याचे रूप पालटले. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळविणाऱ्या संस्थेला थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करता येते. म्हणजे जप्तीचा अधिकार शेतकऱ्याच्याच संस्थेच्या हाती आला. 'थकबाकी' या शब्दात तो जुना शब्द तसाच उभा आहे.

८

आज कर्ज केवळ बी-बियाण्यासाठी वा लग्नकार्यासाठी होत नाही. ट्रॅक्टर, दुचाकी, दूरचित्रवाणी संच, भ्रमणध्वनी हप्त्याने घेतले जातात, आणि हप्ता थकला की वस्तू 'ओढून' नेली जाते. भाडेखरेदीच्या करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत वस्तूची मालकी वित्तपुरवठा करणाऱ्याची मानलेली असते. म्हणून तो आपलीच वस्तू परत नेत आहे, असा कायद्याचा युक्तिवाद. नेलेली वस्तू विकून आलेली रक्कम देण्यापेक्षा कमी भरली तर काय, याचे उत्तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७६ ने दंग्यांपूर्वीच देऊन ठेवले होते. तारण घेणाऱ्याने वाजवी सूचना देऊन वस्तू विकावी. रक्कम कमी पडल्यास तूट ऋणकोने भरावी, अधिक आल्यास वाढावा त्याला परत द्यावा. २००२ च्या प्रतिभूतिविषयक कायद्यात, म्हणजे सरफेसी कायद्यात, हीच रचना बँकांसाठी आली. साठ दिवसांची नोटीस, मग न्यायालयाविना ताबा, विक्री, आणि उरलेल्या रकमेसाठी कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज. शेतजमिनीला मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले आहे. १८७९ ची आठवण या अपवादात जिवंत आहे, असे म्हणता येईल.

अन्य कुंपणेही टिकून आहेत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने आवश्यक वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतीची अवजारे, आणि धार्मिक प्रथेनुसार स्त्रीला अंगावरून उतरविता येत नाहीत असे अलंकार जप्तीतून वगळले आहेत. गुंडांकरवी वाहने ओढून नेण्याच्या प्रकारांवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कठोर ताशेरे ओढले आणि वसुली कायदेशीर मार्गानेच व्हावी असे बजावले. पाठोपाठ २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली-प्रतिनिधींच्या वर्तनाविषयी सूचना काढल्या. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन अधिनियमाने बेकायदा सावकारीतून बळकावलेली स्थावर मालमत्ता ऋणकोस परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला. तगाद्याच्या बळाला आणि जप्तीच्या कक्षेला अशा रीतीने सीमा घातल्या गेल्या.

यांत तिसऱ्या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेलेले दिसते. तो प्रश्न बाकीचा. नेलेली वस्तू कोणत्या किमतीस विकली, ती किंमत कोणी ठरविली, आणि तुटीच्या रकमेवर व्याज कोठवर चढत राहावयाचे, हे प्रश्न १८७५ मध्ये लिलावाच्या पुकाऱ्याभोवती उभे होते. आज ते करारपत्राच्या बारीक अक्षरांत आहेत. कलम १७६ तुटीइतकेच वाढाव्याचेही बोलते. परंतु वाढावा मागण्यासाठी विक्रीचा हिशेब ऋणकोच्या हाती यावा लागतो. १८७९ च्या कायद्याने उतारा मागण्याचा हक्क दिला, तो याच कारणासाठी.

सुप्याच्या उठावाचे वर्णन कर्ज बुडविण्याचा प्रयत्न असे तत्कालीन काही अधिकाऱ्यांनी केले. घेतलेले परत द्यावे, हे तत्त्व त्या जमावाने नाकारले होते असे मानण्यास आधार दिसत नाही. ज्या भाषेत नवस आणि उपकार यांच्यासाठी जे क्रियापद तेच कर्जासाठी आहे, त्या भाषेच्या लोकांना फेडीची नीती परकी नव्हती. त्यांचा विरोध होता तो जिची फेडच होऊ शकत नाही अशा बाकीला. धनकोचा वस्तूवरील अधिकार आणि उरलेल्या रकमेवरील अधिकार हे दोन्ही कायद्याने मान्य करावेत, पण एकाने दुसऱ्याचा शेवट होईल अशी व्यवस्था असावी, एवढीच मागणी त्या जळलेल्या कागदांमागे वाचता येते. ती दीडशे वर्षांपूर्वी कागद जाळून करावी लागली. आज ती विक्रीच्या हिशेबाची प्रत मागून करता येते, आणि ही प्रत देण्याचे बंधन प्रत्यक्षात कितपत पाळले जाते, यावर पुढील संशोधनाने लक्ष केंद्रित करणे अगत्याचे आहे.